परत आणून दाखवा

"मॅडम, माझे पाच सर्व्हर होते. इथे एकच दिसतोय. बाकीचे चार कुठे गेले?"

डॉक्टर व्होरा त्यांच्याच डायलिसिस सेंटरमधल्या सर्व्हरच्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभे होते. दसरा होता. पूजेसाठी त्यांनी झेंडूचे पाच हार आणवले होते, आणि समोर फ्रीजएवढ्या कपाटात एकच काळी पेटी घुंई घुंई करत होती. आदल्याच आठवड्यात मी आणि माझा भागीदार सलीम, आम्ही दोघांनी त्यांची पाच जुनी मशीन बंद करून सगळं काम या एका पेटीत हलवलं होतं.

"पाचही आत आहेत, डॉक्टर."

"आत म्हणजे?"

आता आली का पंचाईत! आमच्या कामाला मराठीत 'आभासी' असा शब्द आहे. तो वापरला की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला काहीतरी खोटं विकलंय. म्हणून मी तो कधीच वापरत नसे. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी तुमची पाच प्लॉटवर पाच बैठी घरं होती. प्रत्येकाचा पाया वेगळा, टाकी वेगळी, आणि निम्म्या खोल्या रिकाम्या. आता एक बिल्डिंग बांधली आणि त्यात पाच फ्लॅट काढले. रिसेप्शन एका फ्लॅटमध्ये, लॅब दुसऱ्यात. एकाचा आवाज दुसऱ्याला जात नाही. पाणी, लिफ्ट, पंप तेवढे सामाईक."

डॉक्टर घाटकोपरचेच, आणि त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी क्षणात विचारलं, "म्हणजे पंप बिघडला की पाचही घरं कोरडी?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या इंजिनिअरनेही विचारला नव्हता. मी म्हटलं, "त्यासाठीच तर रोज सगळ्याची एक प्रत बाहेर पाठवतो. क्लाऊडवर."

"म्हणजे ढगात?"

"म्हणजे दुसऱ्या गावातल्या मोठ्या गोदामातल्या मशीनवर. ढग नुसता नावाला."

ते हसले, पेटीला एक हार घातला आणि उरलेले चार रिसेप्शनच्या तांडेलबाईंकडे दिले. बाईंनी ते वरच्या मजल्यावर नेऊन डायलिसिसच्या मशीनना घातले. "खरं काम तीच करतात," असं मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

सत्तावन्नाव्या वर्षी मी काम थांबवलं, तोवर पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळत होते. मुलुंडला आमचं दोन टेबलांचं ऑफिस. गिऱ्हाइकं मुलुंडपासून अंधेरीपर्यंत पसरलेली: शाळा, छापखाने, दवाखाने, एक लग्नाच्या पत्रिकावाला. माझी आई मालवणची. तिला मी एकदा सांगितलं की एका मशीनमध्ये मी पाच मशीन बसवते. ती म्हणाली, "मगे ती रवतत खय?" राहतात कुठे, हा प्रश्न तिलाही पडला आणि डॉक्टरांनाही. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती त्या पाच फ्लॅटमध्येच राहत होती, म्हणून आज तिचीच गोष्ट सांगते.

फजितीच्या आधी थोडी शेखी मिरवू द्या.

त्या सेंटरमध्ये आम्ही नुसते सर्व्हरच नाही, सगळ्यांचे कॉम्प्युटरसुद्धा त्या पेटीत हलवले होते. टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि डब्याएवढं एक खोकं. खरा कॉम्प्युटर आत. एखादं खोकं बिघडलं तर दुसरं लावा, बाई जिथे थांबल्या तिथून पुढे चालू. झकास सोय. पण महिनाभरात तक्रार आली, सगळं अडकतंय. मी आलेख काढून बघितले. पेटी निवांत होती, निम्मी ताकदही वापरात नव्हती. मी फोनवर सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे."

"नॉर्मल तुमच्याकडे असेल," तांडेलबाई म्हणाल्या. "इथे या आणि बघा."

मीनल तांडेल वेसावे कोळीवाड्यातल्या. वेसाव्याहून मेट्रोने थेट घाटकोपरला यायच्या. आई आणि दोन्ही मावश्या अजून मासळी विकतात. बाईंनी बाजार सोडून काउंटर धरला, पण आवाज तोच आणि नजरही तीच. ताजं काय आणि शिळं काय, एका नजरेत ओळखणारी. मी गेले तर त्यांनी माझ्यापुढे शाळेची दोनशे पानी वही टाकली. त्यात तीन आठवड्यांच्या नोंदी. ११.०४ अडकलं. ११.१९ सुटलं. दुसऱ्या दिवशी ११.०३ अडकलं, ११.२० सुटलं. रविवार सोडून रोज.

"मॅडम, मशीन दमलं असतं तर कधीपण दमलं असतं ना? हे बरोबर अकराला दमतं. म्हणजे कोणीतरी याला अकराला कामाला लावतंय."

बाईंचं बरोबर होतं आणि माझे आलेख चूक होते. चूक म्हणजे, ते तासाची सरासरी दाखवत होते. पंधरा मिनिटं जीव जातोय आणि पंचेचाळीस मिनिटं आराम, की सरासरी छान दिसते. मी आलेख मिनिटामिनिटाचे केले आणि अकरा वाजता तिथे खुर्ची टाकून बसले. अकराच्या ठोक्याला सगळ्या, म्हणजे बावीसच्या बावीस कॉम्प्युटरांतला व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम एकदम जागा झाला आणि आपापली डिस्क चाळायला लागला. बैठ्या घरांच्या काळात प्रत्येकजण आपलं घर झाडायचा, कुणाला त्रास नव्हता. आता बिल्डिंग एक, जिना एक आणि बावीस जण एकाच वेळी बादल्या घेऊन जिन्यात!

मी प्रत्येकाची वेळ वेगळी लावली. दुसऱ्या दिवशी अकराला बाई स्क्रीनकडे बघत बसल्या. अकरा पाच झाले. अकरा दहा झाले. मग त्यांनी वहीत लिहिलं, "नाही अडकलं," आणि मला म्हणाल्या, "आता चहा घ्या."

त्या दिवसापासून मला वेग वाढवायचं वेडच लागलं. जिथे जाईन तिथे काहीतरी काटायचं, काहीतरी हलकं करायचं. आणि इथेच मी घसरले.

रोजची प्रत क्लाऊडवर जायला फार वेळ लागत होता. सकाळी सातला डायलिसिसची पहिली शिफ्ट सुरू व्हायची, तरी मागे प्रत चालूच असायची आणि इंटरनेट अडायचं. आम्ही काय काय पाठवतोय ते मी तपासलं. त्यात 'टेम्प' नावाची एक डिस्क होती. टेम्प म्हणजे तात्पुरतं. उघडून बघितलं, खरोखरच कचरा होता. मी ती डिस्क यादीतून काढली. प्रत पहाटेपूर्वीच पूर्ण व्हायला लागली. डॉक्टर खूश, मी त्याहून खूश. रोज सकाळी मला मेल यायचा, त्यात हिरवी टिक: काम यशस्वी.

काही महिन्यांनी सेंटरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती बनवणाऱ्या कंपनीने पेशंटच्या डायलिसिसच्या नोंदींची सगळी पानं, जुनीसुद्धा, मोकळी जागा बघून त्या 'टेम्प' डिस्कवर हलवली. मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हिरवी टिक येतच राहिली. ती खोटं बोलत नव्हती. जे उचलायला सांगितलं ते उचललं, एवढंच ती सांगत होती.

एका गुरुवारी सकाळी साडेसातला सेंटरमधून फोन आला, सगळं बंद. अशा पेटीत डिस्क बऱ्याच असतात आणि एक गेली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. आदल्या दिवशी एक गेलीच होती आणि सलीमने नवी बसवली होती. तिच्यात माहिती भरली जात असतानाच दुसरी गेली. मग पाचही घरं कोरडी.

पेशंटना लगेच धोका नव्हता. डायलिसिसची मशीन स्वतंत्र चालतात, ती चालूच होती. आम्ही दुसरी पेटी घेऊन घाटकोपरला धावलो आणि क्लाऊडवरून प्रत उतरवायला लागलो. अकरा वाजता पाचही सर्व्हर उभे राहिले. डॉक्टरांनी फाफडा मागवला. सलीमने माझ्या हातावर टाळी दिली. मला वाटलं, इतक्या वर्षांत याहून सुंदर सकाळ नाही.

तेवढ्यात तांडेलबाई दारात आल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू.

"मॅडम, साळवी काकांची फाईल उघडते. नाव आहे, फोन नंबर आहे. पण आत एक पान नाही."

मी दुसऱ्याची उघडली, तिसऱ्याची उघडली. नावं होती आणि मागे काही नव्हतं. डायलिसिसच्या प्रत्येक वेळी सिस्टर एक पान भरते: आधीचं वजन, नंतरचं वजन, शरीरातून पाणी किती काढलं, त्रास काय झाला, कुठलं औषध सोसलं नाही. साठेक पेशंटची चौदा महिन्यांची पानं. सगळी 'टेम्प' डिस्कवर होती, आणि ती डिस्क मी माझ्या हाताने यादीतून काढली होती. क्लाऊडवर आम्ही महिनाभराच्याच प्रती ठेवायचो, त्यामुळे जुन्या प्रतींतही ती उरली नव्हती.

सलीम मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेला. सलीम वाकोल्याचा, माझ्याच वयाचा, आमची ओळख पहिल्या नोकरीपासूनची.

"ऐक यार," तो म्हणाला, "सॉफ्टवेअरवाल्यांनी न सांगता जागा बदलली. हे डॉक्टरांना सांगू. हे काय खोटं नाहीये."

"खोटं नाही. पण अर्धं आहे."

"उरलेलं अर्धं सांगायलाच पाहिजे का? गिऱ्हाईक जाईल."

"तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

तो केबिनकडे वळला. म्हणाला, "चल. मी पण येतो."

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डिस्क मी वगळली. नंतर कधी उघडून तपासली नाही. प्रत परत येते का हे कधी पूर्ण करून बघितलं नाही. बोलता बोलता माझा आवाज चिरकला.

डॉक्टर टेबलावरचं पेन या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "परब मॅडम, बारा वाजता दुसरी शिफ्ट आहे. रडायचं असेल तर शिफ्टनंतर. आता सांगा, काय करायचं?"

उत्तर तांडेलबाईंनी दिलं. त्या केबिनच्या दारातच होत्या. "डॉक्टर, प्रत्येक वेळी आपण एक प्रिंट पेशंटला देतो ना? तो सांभाळतात लोक. पिशवीत."

पुढचा पाऊण तास आम्ही तिघं फोनवर होतो. बारा वाजताच्या सगळ्या पेशंटना एकच निरोप: येताना कागदांची पिशवी आणा, सगळी आणा. बाई तर फोन लावता लावता सिस्टरला सांगत होत्या, "साळवी काकांचं वजन बासष्टच्या खाली नेऊ नका, पायात गोळे येतात. शेट्टी आंटीला मागे ते इंजेक्शन चढवलं तेव्हा अंगावर पुरळ आलं होतं." डॉक्टरांनी नुसत्या आठवणीवर काही सोपवलं नाही. प्रत्येक पेशंटला स्वतः तपासलं, मगच मशीन लावलं. पण कागद हातात आल्यावर बाईंचं एकही वजन चुकलेलं नाही, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं.

साळवी काका पहिले आले. सडसडीत, बँकेतून निवृत्त झालेले, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. आत फाईल, फाईलमध्ये तारखेनुसार पानं, कोपऱ्यात पेन्सिलने नंबर.

"मला माहीत होतं तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार," ते म्हणाले.

"कसं काय, काका?"

"अहो, सगळंच कधी ना कधी बंद पडतं. माझी किडनी नाही का पडली!"

आणि ते स्वतःच इतके हसले की सिस्टरला ब्लडप्रेशर दोनदा घ्यावं लागलं.

सगळ्यांच्या फायली अशा नव्हत्या. कुणी पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, कुणाच्या पानांना हळदीचे डाग, एका आजोबांच्या पानांवर नातवाने हत्ती काढलेले. मी आणि सलीम नऊ दिवस ऑफिसला कुलूप लावून सेंटरवर बसलो. पानं स्कॅन करायची, वजनं टाईप करायची, बाईंनी तपासायची. सर्व्हर सांभाळणारी मी, पण त्यांच्या आत काय असतं हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचलं. अमका पाणी जास्त प्यायला, कारण मुलीचं लग्न होतं. तमक्याला मशीनवर झोप लागत नाही, भजन लावा. मी त्याला आजवर 'डेटा' म्हणत आले होते.

बहुतेक सगळं परत आलं. किरणचं आलं नाही.

किरण विक्रोळीच्या शाळेत मराठी शिकवायची. वय पस्तिशीचं. तिची आई तिला किडनी देणार होती आणि ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलने मागची सगळी पानं मागितली होती. किरणने भांडुपला घर बदललं तेव्हा कागदांचं खोकं टेम्पोतच हरवलं होतं. "सेंटरमध्ये आहेत ना, मग काय काळजी," असं तिला वाटलं होतं. पानं नाहीत म्हटल्यावर हॉस्पिटलने बऱ्याच तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या. तारीख सहा आठवडे पुढे गेली.

मी तिला भेटून माफी मागितली. ती मशीनवर होती, एक हात बांधलेला.

"तुम्ही सॉरी म्हणालात म्हणून माझे सहा आठवडे परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

मी बाजूचं स्टूल ओढलं आणि म्हटलं, "तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं सांगा. मी लिहून घेते. हॉस्पिटलला थोडंफार तरी कळेल."

ती म्हणाली, "लिहा."

पुढच्या तीन खेपांना ती मशीनवर आली आणि मी बाजूच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले. तिने शिक्षिकेच्या शिस्तीत, महिन्यामहिन्याने सांगितलं. पहिल्या दिवशी काय झालं, कधी चक्कर आली, कधी मळमळ झाली, कुठल्या सिस्टरने हात धरून ठेवला. नोंदींच्या वर आम्ही स्पष्ट लिहिलं, 'पेशंटच्या आठवणीप्रमाणे'. डॉक्टरांनी खाली सही केली. हॉस्पिटलने ती पानं ठेवून घेतली, पण तपासण्या काही टळल्या नाहीत. ते सहा आठवडे माझ्या नावावर आहेत. कुणी त्याचा उल्लेख करत नाही, पण मला माहीत आहे.

डॉक्टरांनी आम्हाला काढलं नाही. सलीमला अजून त्याचं आश्चर्य वाटतं. त्यांनी एकच अट घातली. "तुमची हिरवी टिक मला दाखवू नका. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन वाजता इथे यायचं, आणि तांडेलबाई जे मागतील ते परत आणून दाखवायचं."

पहिल्या शनिवारी बाईंनी दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारचं पान मागितलं. प्रत उतरवून, वेगळ्या सर्व्हरवर उभी करून, पान स्क्रीनवर यायला दोन तास दहा मिनिटं लागली. बाई मुद्दाम घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. मी पुन्हा वेगाच्या मागे लागले, पण आता आणायच्या वेगाच्या. सहा महिन्यांत तेच काम बारा मिनिटांवर आलं. माझ्या सगळ्या धंद्यात मला अभिमान कशाचा असेल तर या बारा मिनिटांचा. पुढे मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे हा शनिवार लावला. फक्त अंधेरीच्या पत्रिकावाल्याने हात जोडले. "सगळं नीट चाललंय ना मॅडम, मग उगाच कशाला छेडायचं?" त्याला मी हात जोडले आणि त्याचं काम सोडलं.

असाच एक शनिवार. मी आणि बाई स्क्रीनसमोर बसलो होतो, तेवढ्यात किरण आत आली. ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. तोंडाला मास्क, पण चाल अशी की मी आधी ओळखलंच नाही. आई बरी, ती बरी, शाळेत पुन्हा रुजू व्हायची होती. पेढ्यांचा बॉक्स तिने बाईंच्या हातात दिला.

"आज कुणाचं पान मागताय?" तिने विचारलं.

"तू सांग, गं," बाई म्हणाल्या.

"माझंच द्या. पहिला महिना."

बारा मिनिटं आम्ही पेढे खाल्ले. पान आलं. किरण वाकून वाचायला लागली, आधी भरभर, मग हळू. वाचताना तिने एकदा मास्कच्या वर डोळे पुसले. मग तिची भुवई वर गेली.

"हे कोणी टाईप केलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

"मळमळमध्ये एक ळ जास्त आहे."

बघितलं तर खरंच, 'मळमळळ झाली' असं होतं. मी लगेच कीबोर्ड ओढला. "थांबा, करते मूळ फायलीत दुरुस्त."

"अजिबात नाही!" मागून डॉक्टर व्होरा ओरडले. ते कधी आले होते कळलंच नाही. "मेडिकल रेकॉर्ड आहे, मॅडम. जुनी नोंद खोडायची नाही. दुरुस्ती असेल तर खाली नवीन ओळ लिहा, तारीख घाला, नाव घाला."

"एका ळसाठी?"

"एका ळसाठी."

किरण हात बांधून उभी राहिली, वर्गात फळ्यापाशी उभी राहावी तशी. तांडेलबाई पेढा चघळत माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी मूळ फाईल उघडली, शेवटच्या ओळीखाली तारीख टाकली आणि लिहिलं:

'वरच्या नोंदीत एक ळ जास्त पडला आहे. चूक माझी. — परब.'